मेसेज कुलूपबंद आहे, पण किल्ल्या किती जणांकडे?

टाचणी

ओळखपत्राचा फोटो आणि एखाद्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्या माणसाला मेसेजने पाठवायचा झाला, तर तो वाटेत आणि नंतर कोण कोण वाचू शकतं? हल्ली जवळजवळ प्रत्येक ॲपच्या कपाळावर 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड'ची पाटी आहे, म्हणजे मजकूर असा कुलूपबंद की दोन टोकांचे फोन सोडून मधल्या कुणालाच वाचता येऊ नये. पाटी खोटी नसेलही, पण ती कुठून लागू होते आणि कुठे संपते ते कुणी सांगत नाही. एसएमएस, व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम, आयमेसेज, कशाबद्दलही लिहा. फक्त नेमकं लिहा: कुठे गळतं, का गळतं, कुठलं बटण दाबायचं.

'हल्ली प्रायव्हसी राहिलीच कुठे' हा प्रतिसाद मीच देऊन टाकते, म्हणजे बाकीच्यांचे कष्ट वाचतील.

ढगफुटी

घ्या, तेवढंच तर टंकायला आलो होतो. आता वाचनमात्र.

शून्यप्रहर

एसएमएसपासून सुरू करू, कारण तो सगळ्यांत उघडा. फोन ते टॉवर एवढ्याच टप्प्यात नेटवर्कचं एन्क्रिप्शन असतं. टॉवरच्या पलीकडे मजकूर कंपनीच्या एसएमएस सेंटरमध्ये सरळ वाचता येईल अशा रूपात येतो, तिथे थांबतो आणि समोरचा फोन सापडला की पुढे जातो. पाठवणाऱ्याची कंपनी, घेणाऱ्याची कंपनी आणि मध्ये कुणी मेसेज पोचवणारा ठेकेदार असेल तर तोही, सगळ्यांच्या हातातून पोस्टकार्ड जातं.

त्यात तो पहिला टप्पाही टूजीवर कच्चा. जीएसएमचं, म्हणजे टूजीचं, ए५/१ हे सांकेतिकीकरण कार्स्टन नोल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आधीच तयार केलेल्या तक्त्यांच्या जोरावर मोडता येतं हे जाहीरपणे मांडलं. टूजीची आणखी मोठी खोट म्हणजे फोन नेटवर्कला आपली ओळख पटवतो, नेटवर्क मात्र फोनला स्वतःची ओळख पटवत नाही. त्यामुळे जवळपास कुणी जोरदार सिग्नलचा खोटा टॉवर उभा केला की फोन मुकाट त्याला जाऊन चिकटतो. उपाय सोपा आहे. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनांत सेटिंग्ज, नेटवर्क, सिम या वाटेने 'अलाऊ टूजी' सापडतं, ते बंद करा. तातडीच्या नंबरांना लागणारे कॉल तरीही टूजीवरून जाऊ शकतात. आयफोनला असं सुटं बटण नाही. आयओएस १७ पासून लॉकडाऊन मोड (आयफोनची सगळ्यांत कडक सुरक्षा) लावला की टूजी बंद होतं, पण त्याबरोबर आणखीही बरंच बंद होतं.

तिसरं भोक एसएस७चं. टेलिफोन कंपन्या एकमेकींशी ज्या भाषेत बोलतात ती ही भाषा, आणि ती 'आत असलेला प्रत्येक जण आपलाच' या समजुतीवर बेतलेली. आत शिरलेल्या कुणी 'हा ग्राहक सध्या माझ्या हद्दीत रोमिंगवर आहे' असं सांगितलं की मूळ कंपनी त्याचे एसएमएस तिकडे वळवते. २०१४ च्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या जर्मनीतल्या हॅकर संमेलनात याची प्रात्यक्षिकं झाली. २०१७ मध्ये जर्मनीत याच वाटेने बँकांचे ओटीपी वळवून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचं उघड झालं. म्हणून जिथे पर्याय असेल तिथे ओटीपी एसएमएसवर घेऊ नका. दर ३० सेकंदांनी आकडा बदलणारं ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्याच कुलपाने लॉगिन) घ्या.

गोगलगाय

शून्यप्रहर, +१. थोडं अवांतर: एसएमएसची जागा १४० बाइटची. इंग्रजीत सात बिटांचं एक अक्षर, म्हणून १६०. देवनागरी आली की प्रत्येक चिन्हाला १६ बिट, म्हणून ७०. त्यापुढे गेलं की तुकडे पडतात आणि जोडणीची माहिती लिहायला जागा जाते, मग दर तुकड्यात ६७. 'क्षत्रिय' दिसायला तीन अक्षरं, मोजणीत आठ: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, पहिली वेलांटी, य.

जागा एवढी तोकडी असल्यामुळे एसएमएसात आखूड केलेल्या लिंका येतात आणि आखूड लिंकेत खरा पत्ता दिसत नाही. म्हणून अशा लिंकेवर टिचकी मारू नये.

ढगफुटी

जोडाक्षरांवर कर लावलाय म्हणा की.

मूषकराज

एसएमएस नको हे सगळ्यांना पटतं, पण नकळत एसएमएसच जातो त्याचं काय? दोन जागा तपासा.

आयफोनवर निळा फुगा म्हणजे आयमेसेज, एंड-टू-एंड. नेट गेलं किंवा समोरच्याचं आयमेसेज बंद असलं की तोच मजकूर हिरव्या फुग्यातून साधा मेसेज म्हणून जाऊ शकतो. सेटिंग्जमधल्या मेसेजेसमध्ये 'सेंड ॲज टेक्स्ट मेसेज' आहे, ते बंद ठेवा. मग मेसेज जाणार नाही, लाल खूण दाखवेल. त्या वेळी मेसेज दाबून धरला की टेक्स्ट म्हणून पाठवायचा पर्याय येतो. घाईत तोच दाबला तर सगळं मुसळ केरात.

अँड्रॉइडवर गूगल मेसेजेसमध्ये आरसीएस, म्हणजे एसएमएसची नेटवरून जाणारी पुढची आवृत्ती. दोन्ही बाजूंना तेच ॲप असेल तर एकास-एक संभाषण २०२१ पासून एंड-टू-एंड आहे, गट २०२३ पासून. ओळखायची खूण म्हणजे पाठवायच्या बटणावरचं छोटं कुलूप. आरसीएस सेटिंग्जमध्ये मेसेज गेला नाही तर आपोआप एसएमएसने पाठवण्याचा पर्याय असतो. तो बंद.

आयफोन ते अँड्रॉइड हा तिढा वेगळा. आयओएस १८ बरोबर २०२४ मध्ये आयफोनवर आरसीएस आलं, तेव्हा या दोघांमधल्या संभाषणाला एंड-टू-एंड नव्हतं. मार्च २०२५ मध्ये जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने एमएलएस या एंड-टू-एंड पद्धतीवर आधारलेली तरतूद मानकात आणली. मानकात असणं वेगळं आणि दोन्ही हातांतल्या फोनांत असणं वेगळं. कुलूप दिसलं नाही तर नाहीच, असं धरून चाला.

डावखुरा

एवढा खटाटोप कशाला, टेलिग्राम घ्या. एन्क्रिप्टेडही आहे आणि सगळ्या डिव्हाइसांवर जुनं सगळं लगेच दिसतं.

कुलपेकर

डावखुरेराव, तुमच्या दुसऱ्या वाक्यातच पहिल्याचं उत्तर आहे. नव्या डिव्हाइसवर लॉगिन केल्याबरोबर पाच वर्षांपूर्वीचं संभाषण आपसूक दिसतं, कारण ते सर्व्हरवर आहे आणि सर्व्हरला ते उघडता येतं. टेलिग्रामच्या नेहमीच्या गप्पा फोन ते सर्व्हर एन्क्रिप्टेड असतात, किल्ली कंपनीकडे. एंड-टू-एंड हवं तर समोरच्याचं प्रोफाइल उघडून तीन टिंबांतून 'सीक्रेट चॅट' वेगळी सुरू करावी लागते. ती फक्त दोघांत होते, गटात नाही. ज्या दोन फोनांवर सुरू झाली तिथेच राहते आणि टेलिग्राम वेबवर दिसत नाही. समोरचा त्या वेळी ऑनलाइन नसेल तर तो येईपर्यंत सुरूही होत नाही.

सिग्नल, व्हॉट्सॲप आणि गूगलचं आरसीएस या तिन्हींत मुळात सिग्नल प्रोटोकॉल ही एकच कुलूप लावायची पद्धत वापरलेली आहे. व्हॉट्सॲपने ती एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांना पुरवली. त्यात प्रत्येक मेसेजला नवी किल्ली तयार होते आणि जुनी टाकून दिली जाते. आजची किल्ली कुणाला मिळाली तरी तिने कालचा मेसेज उघडत नाही. वाटेतल्या चोरीपुरता प्रश्न इथे मिटतो. म्हणून 'कुठलं ॲप' यावर फार रक्त आटवू नये. बहुतेक गळती दोन टोकांना होते.

डावखुरा

सीक्रेट चॅटचं माहीत नव्हतं असं नाही, पण गटात चालत नाही हे लक्षात आलं नव्हतं. ठीक, मागे घेतो.

रातकिडा

कुलपेकर म्हणतात त्या टोकांपैकी सगळ्यांत मोठं टोक म्हणजे बॅकअप. व्हॉट्सॲपचा मेसेज वाटेत कुलूपबंद, पण रात्री दोन वाजता त्याची प्रत गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर चढते, आणि ती प्रत मुळात एंड-टू-एंड नसते. ऑक्टोबर २०२१ पासून तिलाही कुलूप लावता येतं, पण ते आपण लावायचं. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. तिथे पासवर्ड ठेवा किंवा ६४ आकडी किल्ली घ्या; नव्या आवृत्तीत पासकीही चालते. किल्ली घेतलीत तर कागदावर उतरवा. तिचा स्क्रीनशॉट काढला की तो फोटोंच्या बॅकअपमध्ये त्याच क्लाउडवर जातो, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला. पासवर्ड विसरून फोनही हरवला तर कंपनी तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक पाचर. अख्ख्या फोनचा आयक्लाउड बॅकअप चालू असेल तर व्हॉट्सॲपचा डेटा त्यातूनही जाऊ शकतो. आयमेसेजचंही तसंच: 'मेसेजेस इन आयक्लाउड' एंड-टू-एंड आहे खरं, पण आयक्लाउड बॅकअप चालू असला की ते उघडायची किल्ली त्या बॅकअपमध्ये ठेवली जाते. दोन मार्ग आहेत. आयक्लाउड बॅकअप बंद करून कॉम्प्युटरवर एन्क्रिप्टेड बॅकअप घ्या, नाहीतर आयक्लाउड बॅकअपलाही एंड-टू-एंड कुलूप घालणारं 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' लावा. हे दुसरं सगळीकडे मिळत नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२५ पासून नव्याने लावता येत नाही.

सिग्नल क्लाउड बॅकअप आपणहून घेत नाही. २०२५ मध्ये त्यांनी आणलेला बॅकअप ऐच्छिक आहे आणि ६४ अक्षरांच्या रिकव्हरी कीने बंद होतो. की हरवली की बॅकअप हरवला.

टाचणी

रातकिडा, दंडवत! पण मी माझा बॅकअप बंद केला आणि समोरच्याचा उघडाच असेल तर?

रातकिडा

तर तुमचा मेसेज त्याच्या बॅकअपमधून उघडा. प्रत दोन्हीकडे असते. एप्रिल २०२५ मध्ये आलेली व्हॉट्सॲपची 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' ही चॅट एक्स्पोर्ट आणि मीडियाचं आपोआप उतरणं अडवते, पण समोरच्याचं बॅकअपचं सेटिंग ती बदलत नाही. त्याला सांगून करून घ्यायचं, दुसरा मार्ग नाही.

निवांत

बॅकअप सोडा हो. फोन टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवला की मेसेज वाचला गेला. आयफोनवर सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, शो प्रीव्ह्यूज, 'व्हेन अनलॉक्ड'. अँड्रॉइडवर लॉकस्क्रीनवरच्या नोटिफिकेशन्समध्ये संवेदनशील मजकूर लपवा. सिग्नलमध्ये वेगळं आहे: नोटिफिकेशन्समध्ये 'शो' खाली नाव आणि मजकूर, फक्त नाव किंवा दोन्ही नाही, असे तीन पर्याय. तिसरा घ्या.

अँड्रॉइडमध्ये 'नोटिफिकेशन हिस्टरी' नावाची वहीसुद्धा असते. चालू असेल तर गेल्या २४ तासांतल्या नोटिफिकेशन्स तिच्यात राहतात. 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं चॅटमध्ये दिसतं आणि मजकूर वहीत सुखरूप असतो.

शून्यप्रहर

निवांतना पुरवणी. 'नोटिफिकेशन ॲक्सेस' ही परवानगी ज्या ॲपकडे आहे ते ॲप येणाऱ्या नोटिफिकेशन्स वाचू शकतं, मग मेसेज सिग्नलचा का असेना. स्मार्टवॉचचं ॲप, लाँचर (होमस्क्रीन बदलणारं ॲप), 'डिलीट केलेले मेसेज वाचा' म्हणणारी ॲप्स हीच परवानगी मागतात. सेटिंग्जच्या शोधात तेवढे दोन शब्द टाकलेत की यादी येते. ओळखीचं नसेल ते काढा. तिथेच ॲक्सेसिबिलिटीची यादीही बघा. ती परवानगी असलेलं ॲप पडद्यावरचा मजकूर वाचतं.

एसएमएसची परवानगी वेगळी. प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर, एसएमएस. 'ओटीपी आपोआप भरायला हवी' हे कारण बहुतेक वेळा लंगडं असतं. ओटीपीच्या शेवटी ११ अक्षरांची जी निरर्थक ओळ कधी कधी दिसते ती याचसाठी असते: ती त्या ॲपची खूण, तिच्यावरून अँड्रॉइड तेवढाच एक मेसेज त्या ॲपच्या हाती देतं. बाकीचे मेसेज वाचायची परवानगी द्यावी लागत नाही.

पाटीपेन्सिल

कीबोर्ड कुणाच्याच लक्षात आला नाही? मेसेज कुलपात जाण्याआधी प्रत्येक अक्षर कीबोर्डमधून जातं. मराठी टंकणाऱ्यांना तर याची जास्त झळ, कारण रोमन लिपीत लिहून देवनागरी उमटवणारे, बोलून लिहिणारे, शब्द सुचवणारे असे तऱ्हेतऱ्हेचे कीबोर्ड आपणच हौसेने बसवतो. आयफोनवर बाहेरच्या कंपनीच्या कीबोर्डाला 'अलाऊ फुल ॲक्सेस' दिलं की त्याला टंकलेलं बाहेर पाठवता येतं. ते बंद ठेवूनही साधं टंकन चालतं. अँड्रॉइडवर अशी गाळणी नाही. इंटरनेटची परवानगी कीबोर्डाला इतर ॲपसारखीच मिळते. फोनबरोबर आलेल्या कीबोर्डात मराठी असेल तर तेच वापरा.

सिग्नलच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'इनकॉग्निटो कीबोर्ड' आहे, फक्त अँड्रॉइडवर. ते कीबोर्डाला 'हे शिकू नकोस' असं सांगतं. विनंती आहे, सक्ती नाही. शिकलेला शब्द पुसायचा तर सूचनेच्या पट्टीतला शब्द दाबून धरून कचऱ्याकडे ओढा. पासवर्ड कॉपी करून चिकटवलात तर तो क्लिपबोर्डमध्येही राहतो. कीबोर्डाचा क्लिपबोर्ड उघडून हाताने काढा.

ढगफुटी

म्हणजे 'जेवलास का' लिहिताना कीबोर्ड पासवर्ड सुचवणार. गंमत येईल.

पाटीपेन्सिल

गमतीत म्हणालात तरी होतं तसं. साध्या शब्दांचा पासवर्ड दोन-तीनदा मेसेजच्या खिडकीत टंकला की कीबोर्ड त्याला शब्दच समजतो. पासवर्डच्या चौकटीत तो शिकत नाही, मेसेजच्या चौकटीत शिकतो.

चोरपावली

आपोआप पुसले जाणारे मेसेज लावा आणि निश्चिंत व्हा.

कुलपेकर

निश्चिंत मुळीच नाही. घड्याळ कधी सुरू होतं ते आधी बघा. सिग्नलमध्ये घेणाऱ्याच्या फोनवर ते मेसेज पाहिल्यावर सुरू होतं, तुमच्या फोनवर पाठवल्यावर. व्हॉट्सॲपमध्ये पाठवल्यापासून २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. समोरच्याने तोवर ॲप उघडलं नाही तर मेसेज न वाचताच जातो, पण नोटिफिकेशनमधला तुकडा ॲप उघडेपर्यंत राहू शकतो. कुणी त्या मेसेजला उत्तर देताना तो उद्धृत केला असेल तर उद्धृत मजकूर मागे राहू शकतो. फोटो आपोआप गॅलरीत उतरत असतील तर चॅटमधून गेलेला फोटो गॅलरीत तसाच असतो. म्हणून अँड्रॉइडवर 'मीडिया व्हिजिबिलिटी' आणि आयफोनवर 'सेव्ह टू फोटोज' बंद करायला सांगायचं, तेही दोघांनी.

चोरपावली

मग उपयोग काय? समोरचा दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढू शकतोच.

कुलपेकर

समोरचा दगा देणार असेल तर काही पाठवूच नका; त्यावर सेटिंग नाही. हे आहे ते विसरभोळ्या मित्रासाठी. वर्षभराने त्याचा फोन हरवला, विकला, दुरुस्तीला गेला, तर त्यात तुमचं ओळखपत्र नसावं एवढ्यासाठी. याउलट 'डिलीट फॉर एव्हरीवन'वर भिस्त ठेवू नका: व्हॉट्सॲपमध्ये त्याला दोन दिवस बारा तासांची मुदत आहे, आणि मेसेज काढल्याची पाटी उरतेच, म्हणजे उत्सुकता मोफत.

निवांत

इथे चोरपावलींचं अगदीच चुकलं नाही. टायमर लावला की लोक सैल होतात आणि एरवी लिहिलं नसतं ते लिहितात. सेटिंग चांगलं, सवय वाईट.

सावधचित्त

सगळे चिरेबंदी वाडा बांधताहेत आणि दिंडी दरवाजा सताड उघडा. सांकेतिकीकरण मोडून कोण बसतो? खातंच ताब्यात घेतात. तीन तऱ्हा नेहमीच्या.

पहिली, व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करायला लागणारा सहा आकडी कोड मागणं. 'चुकून तुझ्या नंबरवर आला' असा मेसेज ओळखीच्याच खात्यावरून येतो, कारण ते आधीच गेलेलं असतं. यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन: सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. गोंधळ इथे होतो की व्हॉट्सॲपचा एसएमएस कोडही सहा आकडी आणि पिनही सहा आकडी. कोड दर वेळी नवा येतो, पिन तुम्ही ठरवलेला असतो, आणि दोन्ही कुणालाच सांगायचे नसतात. पिनबरोबर ईमेलही नोंदवा, नाहीतर पिन विसरल्यावर सात दिवस थांबावं लागतं. सिग्नलमध्ये पिन असतो, पण पिनशिवाय तुमचा नंबर दुसरीकडे नोंदवू न देणारं 'रजिस्ट्रेशन लॉक' वेगळं चालू करावं लागतं, तेही अकाउंटमध्येच. सात दिवस ॲप वापरलं नाही तर ते कुलूप सुटतं.

दुसरी, कॉल वळवणं. 'तक्रार सोडवायला हा नंबर फिरवा' म्हणून ताऱ्याने सुरू होणारा कोड देतात. त्याने तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात, मग ते व्हॉट्सॲपकडून कोड 'फोन करून सांगा' असा मागवतात. *#२१# फिरवलं की सगळे कॉल सरसकट कुठे वळवलेत का ते दिसतं. ##००२# ने सगळे वळवलेले कॉल रद्द होतात.

तिसरी, क्यूआर. व्हॉट्सॲपला फोनखेरीज चार डिव्हाइस जोडता येतात. गटाचं आमंत्रण म्हणून दाखवलेला क्यूआर प्रत्यक्षात जोडणीचा असतो. स्कॅन केला की तिकडच्या कॉम्प्युटरवर तुमचे मेसेज समांतर उमटतात आणि फोनवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलच्या सुरक्षा विभागाने सिग्नलच्या खात्यांवर हीच युक्ती वापरली जात असल्याचं प्रसिद्ध केलं. महिन्यातून एकदा 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. अनोळखी नाव दिसलं की लॉग आउट, मगच विचार.

गोगलगाय

सावधचित्त, सिमचा पिन राहिला. फोनला कितीही कुलूप असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी घेत बसतो. सिम पिन लावला की दुसऱ्या फोनमध्ये आधी तो मागितला जातो. तीन वेळा चुकला की पीयूके (सिम उघडायचा कंपनीकडचा कोड) लागतो, पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद. लावायच्या आधी कंपनीचा मूळ पिन माहीत करून घ्या. अंदाजाने १२३४ दाबत बसू नका. आणि हे चोरीपुरतं. कुणी कंपनीला फसवून तुमच्या नंबरचं नवं सिमच काढलं तर हा पिन कामाचा नाही.

टाचणी

वाचनखूण साठवली. फोटोबद्दल कुणी लिहील का? ओळखपत्रावरचा नंबर झाकून पाठवायचा असेल तर हायलायटरने काळा केला की झालं ना?

पाटीपेन्सिल

टाचणीताई, नाही! हायलायटरची शाई अर्धपारदर्शक असते. तीन-चार फराटे मारले की डोळ्याला ठार काळं दिसतं, पण खालचे आकडे त्या काळ्यात किंचित वेगळ्या छटेने उरलेले असतात. तोच फोटो एडिटमध्ये उघडा, एक्सपोजर आणि ब्राइटनेस टोकाला न्या, काँट्रास्ट खाली आणा: पट्टी राखाडी होते आणि ८ आणि ३ वेगळे वाचता येतात. पाठवण्याआधी हे स्वतःच करून बघा. पूर्ण अपारदर्शक, भरलेला चौकोन टाका आणि मग त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवा.

धुरकट करणंही आकड्यांसाठी नको. नंबरात दहाच चिन्हं असतात, अक्षराचा साचा ठरलेला असतो. दहाही आकडे तसेच धुरकट करून ताडून बघता येतात. पीडीएफवर काळा चौकोन नुसता वर ठेवला असेल तर खालचा मजकूर कॉपी होतो. आणि कापलेल्या फोटोवरही आंधळा विश्वास नको: मार्च २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या स्क्रीनशॉट कापायच्या साधनाचा दोष उघड झाला, त्यात छाटलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग फाइलीच्या शेपटात राहत होता. दोष दुरुस्त झाला, पण तेव्हा पाठवलेल्या फाइली तशाच आहेत.

फोटोत कुठे काढला ते अक्षांश-रेखांशही असतात. व्हॉट्सॲप आणि सिग्नल फोटो म्हणून पाठवताना ते काढून टाकतात. व्हॉट्सॲपमध्ये तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, स्थानासकट. दर्जा राखायला लोक नेमकं हेच करतात. आयफोनवर शेअर करताना वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन लोकेशन बंद करा.

मूषकराज

मजकुराबद्दलच सगळे बोलताहेत. कुणी, कुणाला, किती वाजता हे मजकुराइतकंच बोलकं असतं, आणि त्यावर एंड-टू-एंडचं कुलूप नसतं. सिग्नल इथे वेगळं पडतं. २०१६ मध्ये अमेरिकेत त्यांच्याकडे एका खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांना देता आलं, कारण बाकी साठवलेलंच नव्हतं. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूजरनेमही आहे. प्रायव्हसी, फोन नंबरमध्ये 'नंबर कुणाला दिसावा' आणि 'नंबरवरून कुणाला सापडावं' हे दोन वेगळे पर्याय आहेत. दुसरा आपणहून बंद करावा लागतो.

डावखुरा

आणि तरीही मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांच्या सिग्नल गटात चुकून एक पत्रकार जोडला गेलाच. सगळी कुलपं शाबूत, पाहुणा दिवाणखान्यात.

सावधचित्त

हाहा, सव्याज परतफेड. पण मुद्दा रास्त. गटात पाठवताना सदस्यांची यादी उघडून वाचावी. शिवाय व्हॉट्सॲपवर कुणी संभाषणाची तक्रार नोंदवली तर समोरच्याकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. त्यात कूट मोडत नाही. ज्याला मेसेज मिळाला तोच तो पुढे देतो.

टाचणी

सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नावर येते: एक ओळखपत्र, एक पासवर्ड, एक माणूस. काय क्रमाने करू?

कुलपेकर

आधी दोघांनी सिग्नलवर एकमेकांचं नाव दाबून 'सेफ्टी नंबर' उघडायचा. ६० आकडे, पाच-पाचच्या बारा गटांत. दोन्ही फोनांवर ते सारखे असले की मध्ये कुणी बसलेलं नाही. समोरासमोर असाल तर क्यूआर स्कॅन करा, नाहीतर फोनवर वाचून ताडा. त्याच चॅटमध्ये चिकटवून ताडण्यात अर्थ नाही, मध्ये कुणी बसलाच असेल तर तो आकडेही बदलून देईल. समोरच्याने फोन बदलला किंवा ॲप नव्याने टाकलं की नंबर बदलल्याची सूचना येते. तशी आली की पुन्हा ताडा. व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर तिथेही ६० आकडी कोड आहे, पण बदलल्याची सूचना अकाउंटमधल्या 'सिक्युरिटी नोटिफिकेशन्स'मध्ये चालू करावी लागते.

मग टायमर एक तासावर. ओळखपत्राचा जेवढा भाग लागतो तेवढाच ठेवायचा, बाकीचा पाटीपेन्सिल म्हणतात तसा भरलेल्या चौकोनाने झाकायचा. पासवर्डसोबत खात्याचं नाव त्याच मेसेजात लिहायचं नाही. ते फोनवर सांगा, किंवा दोघांकडे एकच पासवर्ड मॅनेजर असेल तर त्यातूनच शेअर करा. काम झालं की पासवर्ड बदला. फाइल मोठी असेल तर सेव्हन-झिप या फाइली बांधायच्या प्रोग्रॅममध्ये एन्क्रिप्शनची पद्धत एईएस-२५६ निवडून बांधा. झिपक्रिप्टो ही जुनी पद्धत कच्ची आहे. झिपमध्ये फाइलींची नावं बाहेरून वाचता येतात, म्हणून त्यातला सेव्हन-झेड हा प्रकार घ्या आणि 'नावंही एन्क्रिप्ट करा' वर खूण करा.

रातकिडा

एक राहिलं. ओळखपत्राचा फोटो फोनच्या कॅमेऱ्याने काढू नका, तो गॅलरीत आणि तिथून क्लाउडवर जातो. पुसला तरी आयफोनवर 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस, गूगल फोटोजच्या कचऱ्यात बॅकअप झालेला फोटो ६० दिवस. सिग्नलच्या आतल्या कॅमेऱ्याने काढा. तो गॅलरीत आपणहून जात नाही, आणि तिथल्याच पेनाने झाकून पाठवता येतो.

पाटीपेन्सिल

रातकिडा, कुठलंही पेन नव्हे. तिथेही हायलायटर आहे, बोट चुकून त्यावर पडतं. धुरकट करायचं साधन चेहऱ्यांसाठी ठीक, आकड्यांना नको. जाड टोकाचं साधं पेन घ्या, रंग काळा, आणि एकदा झूम करून कडा बघा.

ढगफुटी

सगळं केलं. आता 'मिळालं का' असं एसएमएसने विचारू ना?